सात हजार डॉलरची पदवी

कारकिर्दीच्या मध्यावर, म्हणजे साधारणपणे पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, व्यवसाय बदलू पाहणाऱ्यांना अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणाचा मार्ग दीर्घकाळ उपलब्ध होता. परंतु त्यासाठी नोकरी सोडून दीड-दोन वर्षे विद्यापीठाच्या गावी जाऊन राहावे लागे आणि शुल्क व निर्वाह मिळून मोठ्या रकमेची तजवीज करावी लागे. ज्या देशात आरोग्यविमा बहुतांश लोकांना नोकरीमार्फतच मिळतो, घराचे कर्ज तीस-तीस वर्षे फेडायचे असते आणि मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणाची तरतूदही याच वयात करावी लागते, तेथे चाळिशीतल्या माणसाने असे करावे ही अपेक्षा अवास्तवच होती. त्यामुळे व्यवसाय बदलण्याची इच्छा असलेले पुष्कळ लोक इच्छेपाशीच थांबत, आणि उरलेल्यांपैकी काही जण कर्जाच्या भरवशावर महागड्या अभ्यासक्रमांकडे वळत.

या स्थितीत पहिला ठळक बदल घडला तो अटलांटा येथील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे जॉर्जिया टेक, या सरकारी विद्यापीठामुळे. संगणकशास्त्रातील आपली पदव्युत्तर पदवी संपूर्णपणे ऑनलाइन आणि सुमारे ७,००० डॉलरमध्ये देण्याची घोषणा या विद्यापीठाने मे २०१३ मध्ये केली. त्याच पदवीसाठी वर्गात बसणाऱ्या राज्याबाहेरील विद्यार्थ्याला तेव्हा सुमारे ४५,००० डॉलर मोजावे लागत. संगणक महाविद्यालयाचे तत्कालीन अधिष्ठाता झ्वी गलिल यांनी पुढाकार घेतलेल्या या योजनेत ध्वनिचित्रफिती तयार करण्यासाठी उडॅसिटी ही कंपनी सहभागी झाली, तर एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने आरंभी २० लाख डॉलरचे साहाय्य दिले. जानेवारी २०१४ मध्ये ३८० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली आणि दहा वर्षांच्या आत विद्यार्थिसंख्या दहा हजारांच्या पलीकडे गेली. दहा विषय आणि ३० श्रेयांक अशी रचना असलेल्या या अभ्यासक्रमाच्या पदवीपत्रावर ‘ऑनलाइन’ हा शब्द छापलेला नसतो, कारण विद्यापीठाच्या दृष्टीने ती वेगळी पदवी नव्हेच. पुढे टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील शाखेने सुमारे दहा हजार डॉलरमध्ये तशीच पदवी देऊ केली, आणि इलिनॉय विद्यापीठाने तर ऑनलाइन एमबीए रुजल्यावर पूर्णवेळ निवासी एमबीए बंद करण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर केला.

जॉर्जिया टेकच्या या प्रयोगाचा अभ्यास जोशुआ गुडमन, जुलिया मेलकर्स आणि अमांडा पॅले या तीन संशोधकांनी केला आणि त्यातून निघालेले चित्र या विषयावरील बहुतेक चर्चांपेक्षा अधिक बोलके आहे. वर्गातील अभ्यासक्रमाला अर्ज करणारा नमुनेदार उमेदवार म्हणजे नुकताच पदवीधर झालेला भारतीय तरुण, तर ऑनलाइन अभ्यासक्रमाला अर्ज करणारा म्हणजे नोकरीत असलेला, त्याच्याहून सरासरीने सुमारे दहा वर्षांनी मोठा अमेरिकन नागरिक. दोन्ही अर्जदारवर्गांत सामाईक माणसे जवळजवळ नव्हतीच. आरंभीच्या प्रवेशांत पदवी परीक्षेतील गुणांची एक मर्यादारेषा वापरली गेली होती आणि अर्जदारांना ती ठाऊक नव्हती. या योगायोगाचा उपयोग करून संशोधकांनी रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्यांची तुलना केली, तेव्हा असे दिसले की ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांपैकी फारच थोडे दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात गेले. म्हणजे स्वस्त पदवीने महागड्या पदवीचे गिऱ्हाईक पळवले नव्हते. जी मागणी आजवर कोणी पुरवलीच नव्हती ती तिने पुरवली होती.

मात्र याच चित्रात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. येथे भागली ती प्रामुख्याने नोकरीत असलेल्या माणसांची पुढील प्रशिक्षणाची गरज, आणि संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात टिकायचे तर प्रोग्रामिंगची पूर्वतयारी बरोबर आणावी लागते. सॉफ्टवेअर कंपनीतील चाचणी विभागातून यंत्रशिक्षणाच्या विभागात जाणे किंवा विद्युत अभियांत्रिकीतून प्रणालीरचनेकडे वळणे याला स्थलांतर म्हणता येईल, पण ते शेजारच्या गावी केलेले स्थलांतर आहे. इतिहासाच्या शिक्षकाने किंवा बँकेतील कर्ज अधिकाऱ्याने सॉफ्टवेअरमध्ये येणे हा प्रवास वेगळाच. पहिल्या प्रकारच्या लोकांचे यश दाखवून दुसऱ्या प्रकारच्या लोकांना पदवी विकली जाते, तेव्हा त्यात आकडे खोटे नसतात, फक्त ते दुसऱ्याचे असतात.

पदवीने नेमके काय मिळते, याविषयी अर्थशास्त्रात दोन विचार रूढ आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या मानवी भांडवलाच्या सिद्धांतानुसार शिक्षणाने माणसाचे कौशल्य वाढते आणि वाढलेल्या कौशल्यामुळे वेतन वाढते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेत सिद्धांतानुसार उमेदवाराची खरी कुवत नोकरी देणाऱ्याला आधी दिसत नाही, म्हणून पदवी ही त्या कुवतीची खूण म्हणून वापरली जाते; आणि ती खूण विश्वासार्ह ठरते कारण कुवत नसलेल्याला ती मिळवणे फार जड जाते. दुसऱ्या विचारातून असे निष्पन्न होते की खुणेला वजन येते ते तिच्या किमतीमुळे नव्हे, तर तिच्या अवघडपणामुळे. जॉर्जिया टेक किमान पात्रता असलेल्या बहुतेकांना आत घेते आणि चाळणी आतमध्ये लावते, म्हणून तेथे प्रवेश मिळाल्याचे कौतुक फारसे नसते, पण पदवी घेऊन बाहेर पडल्याचे असते. याउलट, जेथे प्रवेशही सहज आणि उत्तीर्ण होणेही सहज, तेथील पदवी कितीही महाग असली तरी तिच्यातून नोकरी देणाऱ्याला फारसे काही कळत नाही.

परंतु या दोन्ही सिद्धांतांच्या बाहेर एक तिसरा प्रकार आहे आणि कारकिर्दीच्या मध्यावर असलेल्या माणसासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे नियमाने मागितलेली पदवी. अमेरिकेतील सरकारी शाळांत शिक्षकांचे वेतन बहुतेक ठिकाणी छापील वेतनश्रेणीनुसार ठरते आणि पदव्युत्तर पदवी असलेल्यांचा स्तंभ त्यात वेगळा असतो. तेथे अधिस्वीकृत विद्यापीठाची पदवी आहे की नाही एवढेच सामान्यतः पाहिले जाते, विद्यापीठाचे नाव नव्हे. म्हणून सर्वांत स्वस्त पदवी हीच तेथे सर्वांत शहाणपणाची. (अधिस्वीकृती म्हणजे केंद्रीय शिक्षण विभागाने मान्य केलेल्या स्वतंत्र संस्थेने विद्यापीठाच्या दर्जाविषयी दिलेली मान्यता.) अर्थात नियम बदलतातही: नॉर्थ कॅरोलायना राज्याने पदव्युत्तर पदवीसाठी शिक्षकांना मिळणारी वेतनवाढ नव्या पदवीधारकांसाठी २०१३ च्या कायद्याने बंद केली. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत पदव्युत्तर पदवीधारकाला अनेक पदांवर जीएस-९ या वेतनस्तरावर थेट अर्ज करता येतो. ग्रंथपालाच्या व्यवसायात अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने मान्य केलेली पदव्युत्तर पदवी बहुतेक नोकऱ्यांना लागते. अशा ठिकाणी पदवी ही कुलपाची किल्ली असते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र दाराला कुलूपच नसते आणि तरीही आत शिरणे कठीण असते, कारण तेथे विचारले जाते ते पूर्वी केलेले काम.

म्हणून पहिला प्रश्न शुल्काचा नव्हे. ज्या पदावर जायचे आहे त्या पदाच्या जाहिराती वाचून, त्यात पदव्युत्तर पदवी सक्तीची आहे, इष्ट आहे की उल्लेखच नाही हे पाहणे, आणि सध्या त्या पदावर काम करणारी माणसे तेथवर कोणत्या वाटेने पोहोचली हे शोधणे, हे काम चार-सहा संध्याकाळींत होण्याजोगे आहे. त्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि तरीही दोन वर्षांचा निर्णय घेणारी पुष्कळ माणसे ते करत नाहीत.

सामाजिक कार्याचे क्षेत्र हे या बाबतीत विशेष बोधप्रद उदाहरण आहे. समुपदेशनात्मक सामाजिक कार्याचा परवाना अमेरिकेतील सर्व राज्यांत पदव्युत्तर पदवीशिवाय मिळत नाही, म्हणजे येथे कुलूप खरे आहे. परंतु पदवी ‘ऑनलाइन’ असली तरी अधिस्वीकृतीच्या नियमांनुसार किमान ९०० तासांचे प्रत्यक्ष क्षेत्रकार्य करावे लागते. ते बहुधा विनावेतन आणि बहुधा दिवसा, म्हणजे नोकरीच्याच वेळात. अभ्यासक्रम रात्री घरबसल्या करता येईल या समजुतीने प्रवेश घेतलेल्यांना हे ९०० तास नंतर भेटतात. दुसरी अडचण किमतीची. जॉर्जिया टेकच्या यशानंतर ‘ऑनलाइन म्हणजे स्वस्त’ असा ग्रह झाला असला, तरी अनेक विद्यापीठांनी आपले ऑनलाइन अभ्यासक्रम खासगी कंपन्यांमार्फत चालवले. विद्यार्थी शोधणे, जाहिरात करणे आणि तांत्रिक व्यवस्था पाहणे या कामांच्या मोबदल्यात या कंपन्या शुल्काचा मोठा हिस्सा, काही करारांत अर्ध्याहून अधिक, घेत. साहजिकच शुल्क वर्गातील शिक्षणाइतकेच राहिले, आणि सामाजिक कार्यासारख्या बेताच्या वेतनाच्या व्यवसायातही काही ऑनलाइन पदव्यांचा खर्च लाख डॉलरच्या वर गेला. या धंद्यातील अग्रगण्य कंपनी टू-यू हिने जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. अशा पदव्यांना आधार होता तो जवळजवळ अमर्याद केंद्रीय कर्जाचा. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद होऊन सर्वसाधारण पदव्युत्तर अभ्यासक्रमांना वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलरची मर्यादा येते.

आता खर्चाच्या हिशेबाकडे वळता येईल. जॉर्जिया टेकच्या अभ्यासक्रमातील एका विषयाला आठवड्याला दहा ते वीस तास लागतात. सरासरी १५ तास आणि १६ आठवड्यांचे सत्र धरले, तर दहा विषयांचे २,४०० तास होतात. पूर्णवेळ नोकरी करणारा माणूस एका सत्रात बहुधा एकच विषय घेऊ शकतो. वर्षाला तीन सत्रे धरली तरी पदवीला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. या तासांचे मोल अर्थशास्त्रात संधीखर्च या नावाने ओळखले जाते. एक गोष्ट निवडल्यामुळे जी दुसरी सर्वोत्तम गोष्ट हातची जाते, तिची किंमत म्हणजे संधीखर्च. तासाला केवळ २५ डॉलर धरले तरी २,४०० तासांचे ६०,००० डॉलर होतात, आणि त्यांच्यापुढे ७,००० डॉलरचे शुल्क किरकोळ वाटू लागते. जाहिरातीत लॅपटॉपसमोर प्रसन्न मुद्रेने बसलेली माणसे दाखवतात; ती सहसा रविवारी दुपारी मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवताना दाखवत नाहीत.

त्यात दुसरी भर पडते ती पायरी उतरण्याची. समजा, एका क्षेत्रात पंधरा वर्षे काढलेली व्यक्ती नव्या क्षेत्रात कनिष्ठ पदावर दाखल झाली, पहिली दोन वर्षे तिला पूर्वीपेक्षा दरवर्षी १०,००० डॉलर कमी मिळाले आणि त्यानंतर पूर्वीपेक्षा दरवर्षी १५,००० डॉलर अधिक मिळू लागले. ७,००० डॉलरच्या पदवीत रोख नुकसान एकूण २७,००० डॉलरचे होते आणि चांगले दिवस सुरू झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते भरून निघते. एक लाखाच्या पदवीत तेच १,२०,००० होते आणि भरून निघायला आठ वर्षे लागतात. वय ३५ असेल तर आठ वर्षे सोसवतील, पण ५० असेल तर तो हिशेब जमणे कठीण. एवढ्यावरून शुल्काला महत्त्व आहे हे दिसतेच. पण स्वस्त पदवीच्या बाबतीत सगळा हिशेब ज्यावर उभा आहे ते वरचे १५,००० डॉलर गृहीत आहेत, हेही दिसते. नवी नोकरी मिळालीच नाही तर शुल्क कितीही कमी असले तरी २,४०० तास परत येत नाहीत. सॉफ्टवेअर क्षेत्रात २०२२ नंतर झालेली नोकरकपात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवली जाणारी प्राथमिक पातळीची कामे पाहता, नवख्यांसाठीची पहिली पायरीच अरुंद होत असताना हे गृहीत अधिक कडक नजरेने तपासायला हवे. वयावरून भेदभाव करण्यास १९६७ चा कायदा ४० वर्षांवरील कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मनाई करतो. पण मुलाखतीला बोलावणेच आले नाही तर कारण सिद्ध करणे अवघड असते.

पूर्णत्वाचा प्रश्न वेगळाच. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासणाऱ्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवणाऱ्यांपैकी केवळ ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे दिसले, तर प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. पदवी अभ्यासक्रमांची स्थिती याहून चांगली असते, कारण तेथे परीक्षा, श्रेणी आणि मुदत असते. तरीही जॉर्जिया टेकमध्ये पहिल्या बारा महिन्यांत पायाभूत यादीतील दोन विषयांत ‘बी’ किंवा त्याहून वरची श्रेणी मिळवण्याची अट आहे, आणि अनेक विशेषीकरणांना सक्तीचा असलेला अल्गोरिदमचा विषय हा गणिताची सवय सुटलेल्यांना विशेष जड जातो. अर्धी पदवी नोकरीच्या बाजारात जवळजवळ पदवी नसल्यासारखीच असते. अर्थतज्ज्ञांनी वेतनाच्या आकड्यांतही हे पाहिले आहे: शेवटच्या वर्षाचा, म्हणजे प्रत्यक्ष पदवी हाती पडण्याचा, लाभ आधीच्या वर्षांहून असमान प्रमाणात मोठा दिसतो.

आणि येथेच स्वस्ताईचे खरे बलस्थान दिसते, जे तिच्या समर्थकांकडूनही बहुधा दुर्लक्षित राहते. शुल्क विषयागणिक भरायचे असल्यामुळे दोन विषयांनंतर थांबणाऱ्याचे फार तर दीड-दोन हजार डॉलर खर्च होतात, आणि तेवढ्यात त्याला कळते की हे काम आवडते का, जमते का, आणि घरात ते निभते का. ४०,००० डॉलरचे कर्ज घेऊन बसलेल्याला ही मोकळीक नसते. गुंतलेल्या पैशाच्या ओढीने तो न आवडणाऱ्या वाटेवर चालत राहतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील शाखेने आपल्या काही ऑनलाइन पदव्यांच्या प्रवेशाचीच रचना या तत्त्वावर केली आहे: जुनी गुणपत्रके न मागता, ठरावीक तीन विषय अपेक्षित श्रेणीने पूर्ण करणाऱ्याला पदवीला प्रवेश मिळतो आणि ते विषय पदवीत धरले जातात. बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गुणपत्रकापेक्षा आजच्या तीन विषयांतून चाळिशीतल्या माणसाविषयी अधिक कळते, ही विद्यापीठाची धारणा रास्त म्हणावी लागेल. या दृष्टीने पाहिले तर स्वस्त पदवीची सुरुवात करण्याचा निर्णय आणि ती पूर्ण करण्याचा निर्णय हे दोन निरनिराळे निर्णय आहेत, आणि पहिला घेताना दुसऱ्याची शपथ घेण्याची गरज नाही.

नोकरीत असलेल्यांना आणखी एक सोय आहे. अमेरिकी प्राप्तिकर कायद्याच्या कलम १२७ नुसार कंपनीने कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी दिलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम दीर्घकाळ करमुक्त राहिली आहे. ७,००० डॉलरची पदवी तीन वर्षांत विभागली तर ती संपूर्णपणे या मर्यादेत बसते, आणि कर्मचाऱ्याच्या खिशाला काहीच तोशीस लागत नाही. अशी मदत घेतल्यावर ठरावीक काळ त्याच कंपनीत राहण्याची अट मात्र अनेकदा असते, आणि ज्याला कंपनीच सोडायची आहे त्याने करारातील ते कलम आधी वाचलेले बरे. तसे असले तरी, नव्या क्षेत्रात पहिले पाऊल टाकण्याची सर्वांत शक्य जागा ही बहुधा जुनीच कंपनी असते, कारण तेथे माणसाची ओळख, भरवसा आणि आधीच्या क्षेत्रातील जाण यांना किंमत असते. रुग्णालयाच्या देयक विभागात बारा वर्षे काढलेल्या माणसाने विदाविश्लेषण शिकले, तर त्या रुग्णालयाला तो नवख्या पदवीधरापेक्षा अधिक उपयोगी पडतो. तेच शिकून तो एखाद्या खेळांच्या कंपनीकडे गेला तर तेथे तो नवखाच.

मराठी वाचकांचा या प्रश्नाशी दोन बाजूंनी संबंध येतो. पुण्या-मुंबईत बसून अशी अमेरिकी पदवी घेणाऱ्याला ७,००० डॉलर म्हणजे सुमारे सहा लाख रुपये पडतात. ऑनलाइन पदवीसाठी विद्यार्थी व्हिसा मिळत नाही आणि त्या व्हिसाबरोबर येणारी शिक्षणोत्तर कामाची मुभाही मिळत नाही, म्हणून अमेरिकेत जाण्याचा मार्ग म्हणून तिचा उपयोग नाही. खासगी कंपनीतील बढतीसाठी तिचा उपयोग होऊ शकतो. परंतु सरकारी नोकरी, प्राध्यापकपद किंवा पीएचडीचा प्रवेश डोळ्यांसमोर असेल, तर परदेशी पदवीची भारतीय पदवीशी समकक्षता मान्य व्हावी लागते आणि ऑनलाइन पद्धतीने घेतलेल्या पदवीविषयी त्याचे उत्तर प्रवेशापूर्वीच लेखी मिळवणे आवश्यक ठरते. भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या दूरशिक्षण व ऑनलाइन पदव्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० च्या विनियमांन्वये पारंपरिक पदव्यांची समकक्षता दिली असून, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांचे शुल्क सहा लाखांच्या कितीतरी खाली आहे. परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याच्या नावाखाली शिक्षणतंत्रज्ञान कंपन्या देऊ करत असलेल्या पदव्यांना मान्यता नसल्याचा इशाराही आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे.

दुसरी बाजू अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची. एच-१बी परवान्यावर काम करणाऱ्याच्या पतीला किंवा पत्नीला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर शिक्षण घेता येते, पण नोकरी करता येत नाही. जोडीदाराच्या कायमच्या वास्तव्याच्या प्रक्रियेतील ठरावीक टप्पा पूर्ण झाला असेल तरच, २०१५ च्या नियमानुसार, कामाचा परवाना मागता येतो. भारतात आठ-दहा वर्षे नोकरी करून गेलेल्या आणि तेथे सक्तीने घरी बसलेल्या पुष्कळ उच्चशिक्षित स्त्रियांच्या बाबतीत वरचा सगळा हिशेब उलटा होतो: त्यांच्या तासांवर बाजारभाव लागतच नाही, त्यामुळे २,४०० तासांचा संधीखर्च फार कमी, आणि रिकाम्या वर्षांचे स्पष्टीकरण देता येणे हा लाभ मात्र खरा. परवाना केव्हा येईल याचा भरवसा नसल्याने पदवीची आणि त्याची वेळ जुळवता येत नाही. विषयागणिक शुल्क आणि सहा वर्षांची मुदत असलेल्या अभ्यासक्रमात मात्र परवाना आधी आला तर नोकरी धरून वर्षाला एखाद-दुसरा विषय करता येतो, आणि नंतर आला तर पदवी तोवर हाती आलेली असते.